भावोजींची पिकअप आणि नादस्वरमची चाल

माझे भावोजी शेषगिरीराव यांनी सारी नोकरी तंजावूरच्या आयटीआयमध्ये मुलांना फिटरचं काम शिकवण्यात घालवली. केसाएवढी चूक दिसली तरी मुलाच्या हाती पुन्हा कानस देणारा माणूस. अशा माणसानं जन्मात एकच ढोबळ चूक केली, ती भर लग्नात केली, आणि ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. वसुमती माझी थोरली बहीण, त्यामुळे त्या घरातली कुठलीच भानगड मला चुकलेली नाही.

या भानगडीचं मूळ तंजावूरजवळच्या पापनाशमला होतं. भावोजींच्या वडिलांची तिथं केळीची बाग होती, आणि घड बाजारात न्यायला एक्कावन्न सालची अमेरिकन पिकअप होती. वडील गेले, बाग विकली, पिकअप मात्र नारळीखाली तशीच उभी राहिली. पंधरा वर्षं तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली. मग त्र्याण्णव साली आमच्या गल्लीत केबल टीव्ही आला. सगळी गल्ली मालिका बघत रडत असताना भावोजींना एका परदेशी चॅनलवर काही अमेरिकन म्हातारे दिसले. जुन्या गाड्या कापायच्या, बुटक्या करायच्या आणि आत दांडगं इंजिन बसवायचं, हा त्यांचा उद्योग. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात हे भावोजींनी मला त्याच दिवशी तीनदा सांगितलं. पुढच्या रविवारी कोंबड्यांना बेघर करून पिकअप ट्रॅक्टरमागं ओढत तंजावूरला आणली.

चार वर्षं ते काम चाललं. छप्पर कापलं. इंजिन लोकांना दिसलं पाहिजे म्हणून बॉनेट काढून टाकलं. पुढची चाकं बारीक, मागची भलतीच रुंद. इंजिन मद्रासच्या पुदुपेटेतल्या मोडीच्या बाजारातून आणलं, कुठल्याशा वकिलातीच्या जुन्या गाडीचं, आठ सिलिंडरचं. गाडीचं नाक बसकं दिसावं म्हणून रेडिएटर लहान बसवला. रंग कुंकवाचा. आणि त्या अमेरिकन गाड्यांवर ज्वाळा रंगवलेल्या असतात ना, तशा ज्वाळा हव्यात म्हणून भावोजींनी देवांची चित्रं काढणारा आमच्या गावचा कारागीर धरून आणला. त्यानं चित्रातल्या बाळकृष्णाच्या दागिन्यांना लावतात तो सोन्याचा वर्ख लावून दोन्ही दारांवर ज्वाळा काढल्या. अशी गाडी अमेरिकेतही नसेल, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आज करतो.

वायरिंग लावण्याचं. लावण्या म्हणजे माझी भाची, भावोजींची एकुलती लेक, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला होती. कॉलेजातून आली की दप्तर टाकून गाडीखाली शिरायची. वसुमती वैतागायची. "आमच्या घरी देव्हारे दोन," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "एकाकडे मी तेल घालते, दुसऱ्याकडे हे ओततात."

सत्त्याण्णवला लावण्याचं लग्न ठरलं. मुलगा प्रणवेश, बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत. त्याचे वडील कृष्णमूर्ती मद्रासच्या बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आमच्यासारखेच तंजावूरकडचे मराठी. बोलणी करायला आले, दारातली गाडी पाहिली आणि विचारते झाले, "ही लॉरी कुणाची हो?" तेवढ्यावर थांबते तर ठीक होतं. पण पुढं त्यांच्या नातेवाइकांत मुलीचं नावच पडलं, लॉरीवाल्याची लेक. ते फिरत फिरत लावण्याच्या कानावर आलं. ती रडली नाही. तिनं बापाला एवढंच सांगितलं, "अप्पा, जानवासम आपल्या गाडीतच व्हावयाचें."

जानवासम म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळची मिरवणूक. नवरदेवाला सूटबूट घालून उघड्या गाडीत बसवायचं, पुढं नादस्वरम ही लांब सनई आणि तविल हा ढोल लावायचे, आणि देवळापासून मंडपापर्यंत वाजतगाजत आणायचं. नवरदेव एकदा गाडीत बसला की मंडपाच्या दारीच उतरायचा. मध्येच उतरणं म्हणजे अपशकुन.

कृष्णमूर्तींनी हो म्हटलं, पण मागं आपली नवी पांढरी गाडी ठेवणार म्हणाले. "तुमची थांबली तर मुलगा आमच्यात बसेल. मग लोक काय म्हणतील ते तुम्ही ऐका."

भावोजींचा चेहरा लाल झाला. "थांबली तर उद्याच तिज भंगारात घालतो," ते म्हणाले. "माझ्या हातानें."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, एवढं कशाला बोललात? ते म्हणाले, "मज माझें काम ठाऊक."

वैशाखातली संध्याकाळ, सहा वाजले तरी उन्हाचा चटका होता. मेलवीदी रस्त्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापाशी सगळे जमले. भावोजी स्टिअरिंगच्या चाकावर, शेजारी प्रणवेश, मागच्या हौद्यात दोन्हीकडची सात-आठ पोरं. इंजिन सुरू झालं तेव्हा देवळावरची सगळी कबुतरं उडाली. लोक दुकानं सोडून बाहेर आले. माझी छातीसुद्धा फुगली, खोटं कशाला सांगू?

आणि मग नादस्वरमवाले चालू लागले.

नादस्वरमवाला चालतो कसा, तर दोन पावलं टाकायची, थांबायचं, एक राग निवांत आळवायचा, पुन्हा दोन पावलं. भावोजींनी चार वर्षं सगळं मोजलं होतं, ही चाल तेवढी मोजायची राहिली होती. गाडी बांधली पळायला, आणि तिला चालायला लावलं होतं गोगलगायीसारखं. वाऱ्याशिवाय तो लहानसा रेडिएटर करणार काय? अर्ध्या वाटेवर पुढून वाफ निघू लागली. मी गाडीच्या बाजूनं चालत होतो. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता आणि भावोजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मागून पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. कृष्णमूर्ती मान बाहेर काढून बघत होते.

भावोजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "पोरांस खाली उतरव," ते म्हणाले. मी एकेकाला उतरवलं. मग ते जावयाकडे वळले. "मापिळ्ळै, घट्ट धरा."

मला वाटलं, इंजिन बंद करतायत. छे! डावीकडच्या गल्लीत गाडी वळली, एक डरकाळी ऐकू आली, आणि नवरदेवासकट दिसेनाशी झाली.

नादस्वरम बंद पडला. कृष्णमूर्ती गाडीतून उतरून धावत आले. "मुलगा कोठे? माझा मुलगा कोठे?" मुलाकडच्या एका काकांनी डोळे मिचकावून म्हटलं, "काशीयात्रा उद्या सकाळी आहे ना? मुलीचा बाप आजच घेऊन गेला की!" आमच्याकडे लग्नाच्या सकाळी नवरदेव छत्री घेऊन काशीला निघाल्याचं सोंग करतो आणि मुलीचा बाप त्याला हातापाया पडून परत आणतो. इथं तर बापानंच पळवला होता. सगळे हसले. कृष्णमूर्ती हसले नाहीत, आणि वसुमती तर पुतळ्यासारखी उभी.

मंडपाच्या इमारतीच्या गच्चीवर सजून बसलेल्या लावण्यालाही तो आवाज पोचला होता. मैत्रिणी घाबरल्या. ही म्हणाली, "कालव्याच्या रस्त्यास लागले. अत्ता वारा मिळेल, गार होईल." आणि निवांत कॉफी प्यायली. हे मला नंतर कळलं.

आठ-दहा मिनिटांनी डरकाळी परत आली. वाफ नव्हती. प्रणवेशच्या गळ्यातल्या हाराचा नुसता दोरा उरला होता, केस उभे, सूटवर धूळ, आणि चाकावर तोच होता! भावोजी शेजारी बसून त्याला गिअर सांगत होते. लावण्याखेरीज कुणाला त्या चाकाला हात लावू न देणारा हा माणूस.

कृष्णमूर्ती तरातरा पुढं आले. "थांबली तर भंगारात घालतो म्हणाला होतात!"

भावोजींनी तोंड उघडण्याआधी माझी बहीण पुढं झाली. चार वर्षं त्या गाडीच्या नावानं बोटं मोडणारी वसुमती. "थांबली कोठे, सम्बंदी?" ती व्याह्यांना म्हणाली. "पळाली! तुमचा मुलगा उतरला काय? नाही ना? मग वाजवा हो, वाजवा!"

तविलवाल्यानं थाप मारली. नादस्वरमवालाही शहाणा, पुढचं सगळं द्रुत लयीत वाजवत झपझप चालला. गाडी मंडपाच्या दारी पोचली तेव्हा काटा जागेवर होता. भावोजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. माझ्याही डोळ्यांत गेली होती.

लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वऱ्हाड मद्रासच्या गाडीला निघालं. पांढऱ्या गाडीत बायका आणि भांडी. पिकअपच्या चाकावर लावण्या, शेजारी प्रणवेश. मागच्या हौद्यात ट्रंकांवर कृष्णमूर्ती, मी आणि भावोजी. स्टेशनात गर्दी जमली. एका हमालानं ज्वाळांवरून हात फिरवत विचारलं, "ही लॉरी कुणाची, सार?"

भावोजी उत्तर द्यायला वळले. पण कृष्णमूर्ती ट्रंकेवरून उठून उभे राहिले होते.

"लॉरी म्हणू नकोस," ते म्हणाले. "आमच्या सुनेची गाडी आहे. वायरिंग तिचं आहे."