कुमुदशी भांडणारी आक्का

मी हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे माझा हात कधी गेलेला नाही. पण सरांनी वार्षिकांकासाठी ओळखीच्या माणसावर लिहायला सांगितलं, तेव्हा आक्काशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे येईना. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आक्का पुस्तकातल्या माणसांशी भांडायची. मोठ्यानं वाचता वाचता मध्येच थांबायची आणि पानाकडे बघून म्हणायची, "आगं बये, दार उघड की. खातोय का काय तुला?" मग जणू समोरच्यानं ऐकलं असावं, अशा समाधानानं पुढचं वाक्य वाचायची. कोल्हारला तात्यांचं घर आमच्या घराला लागून. आक्का त्यांची थोरली मुलगी, सातवीपर्यंत शिकलेली. आळीतली लहानथोर सगळी तिला आक्काच म्हणत.

तिला शेवगावला दिली होती. वर्ष व्हायच्या आत सासरच्यांनी तिला परत आणून घातलं. झोप उडाली होती, कानांत कुणीतरी बोलत असे, दिवसदिवस ती भिंतीकडे तोंड करून बसे. तात्यांनी अंगारे-धुपारे सगळं करून पाहिलं. बरी असली म्हणजे आक्का आळीत सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत फटकळ. बिघडली की मात्र तात्या तिला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावत. मागे विहीर होती, तिची त्यांना धास्ती. आक्का ओरडत नसे. दाराआडून सावकाश म्हणायची, "तात्या, कडी नगं. बसून ऱ्हाते म्हनलं ना मी." तात्या ओट्यावर बसून ते ऐकत आणि मान खाली घालून गुरांचं दावं वळत राहत.

उन्हाळ्यात बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला बायका त्यांच्या ओसरीवर जमत. हे काम हातानंच करायचं, दाण्याची साल दुखावली तर तो उगवत नाही. आक्काच्या बोटांना कापरं होतं, म्हणून बायकांनी तिला वाचायचं काम दिलं. मी कॉलेजच्या लायब्ररीतून एक कादंबरी आणली होती. सुरुवातीची पानं गळालेली, त्यामुळे नाव-गाव काही नव्हतं. मीही न वाचताच दिली. दुसऱ्याच पानावर कळलं, की ही कुमुद नावाच्या तरुण बाईची गोष्ट आहे आणि तिला वेड लागत चाललंय. माझे कान तापले. म्हटलं, "आक्का, दुसरं आणतो."

"ऱ्हाऊ दे कालेजवाल्या," ती म्हणाली. "पोरगी आपल्यातलीच दिसती."

त्या दिवसापासून कुमुद आळीतली झाली. समोरच्या घरातल्या शेवंतामावशी सकाळी पाण्याला निघताना ओट्यापाशी थांबून विचारत, "काय गं, काल जेवली का ती?" कुमुदच्या नणंदेवर तर त्यांचा भारी राग. "तिला माज्याकडं धाडा आठ दिस. सरळ करते."

"आधी दाने तोंडात टाकायचे बंद करा मावशी, बी हाय ते," आक्का मान वर न करता म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या.

पण स्वतः आक्काचं कुमुदशी पटत नव्हतं. कादंबरीत कुमुद केस मोकळे सोडून चांदण्यात फिरे आणि खदाखदा हसे. आक्कानं पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. "लिहिनाऱ्याला आसं मानूस भेटलेलं न्हाई बरं का. चांदण्यात कशाला जाईल ती? मला तर येनी घालायला हात उचलत नव्हता. आन् हसू? हसू तर आधी जातं." शेंगा फोडणारे हात थांबले. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मग शेवंतामावशी हळूच म्हणाल्या, "मग काय व्हतं गं, सांग की." आणि आक्का सांगत गेली. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.

तात्या बायकांत बसत नसत. गोठ्याशी त्यांचं दावं वळणं चाललेलं असे, पण कान ओसरीवर. कादंबरीच्या शेवटी डॉक्टर सबनीस नावाचा माणूस कुमुदला औषध देतो आणि ती सावरते, हे त्यांनी तिथूनच ऐकलं.

सुट्टी संपून मी नगरला आलो. एका सकाळी होस्टेलच्या दारात तात्या उभे. स्वच्छ धोतर, हातात भाकरीचं गठुडं. "चल," म्हणाले, "सबनीस डाक्तर कुठं बसत्यात तेवढं दाव."

मी सांगितलं, की तात्या, तो खरा माणूस नाही, लिहिणाऱ्यानं मनानं रचलाय.

"छापलंय ना पर?"

"छापलंय, पण खोटं आहे."

तात्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "हे बघ, कुमुद खोटी आसंल. सबनीस बी खोटा आसंल. पर आसं औषद देनारा कुनीतरी आसल्याबिगर लिहिनाऱ्याला सुचलं कसं? त्यो हुडकू."

आम्ही औषधांच्या दुकानांतून विचारत फिरलो. दुपारी एका डोक्याच्या डॉक्टरांचा पत्ता लागला. कंपाउंडर "इथं सबनीस कुणी नाहीत" म्हणत दार अडवून उभा, आणि तात्या "कोल्हारहून आलोय" एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. गलका ऐकून डॉक्टर स्वतः बाहेर आले. सगळं ऐकून घेऊन गंभीरपणे म्हणाले, "सबनीस नाहीत. मी चाललो तर बघा."

तात्यांनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "चालंल," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते आक्काला घेऊन आले. तपासून बाहेर आल्यावर मी आक्काला विचारलं, कसे वाटले डॉक्टर. "सबनिसापरीस बरा हाय. सबनीस खिडकीबाहेर बघून बोलतो. ह्यानं मला इचारलं, झोप लागती का."

गोळ्यांनी सुरुवातीला तिच्या तोंडाला कोरड पडे, दिवसा गुंगी येई. ती कुरकुर करी, पण घेई. दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा खोलीच्या दाराची कडी काढलेली होती, नुसती भोकं राहिली होती. मी तिकडे पाहतोय हे बघून तात्या म्हणाले, "गंजली हुती." आक्का आतून म्हणाली, "व्हय, लई गंजली हुती," आणि दोघंही हसले.

त्यानंतर परीक्षा आल्या, माझं गावी जाणं झालं नाही. गेल्या आठवड्यात वडील नगरच्या बाजाराला आले आणि मला डबा देऊन गेले, तेव्हा बातमी कळली. मध्ये आक्काचं पुन्हा बिघडलं होतं. या वेळी तिनंच ओळखलं. शेवंतामावशींना सांगितलं, "झोप गेली माजी, निघाले मी," आणि एसटीत बसून एकटी डॉक्टरांकडे जाऊन आली. आता बरी आहे. पलीकडच्या वस्तीवरच्या एका बाईनं सुनेला कोंडून ठेवलं होतं. आक्का तिथे गेली, सासूशी कडाकडा भांडली आणि त्या मुलीला घेऊन नगरला आली.

"डाक्तरनं इचारलं, तुमी हिच्या कोन," वडील म्हणाले. "तर म्हनली, कोन न्हाई. हिला वाट ठाव न्हवती, मला हाय."