सहाशे चाळीस शिट्ट्यांचं कपाट

यशोधराबाई ओव्हाळ मूळच्या औंढ्याच्या. नवरा देहूरोडच्या लष्करी डेपोत होता; तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या, पत्राकामात. तेव्हा त्यांना पत्रे सांधायचा डाख म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षांनी निवृत्त झाल्या तेव्हा नुसती टिचकी मारून त्या डबा कुठं गळतोय ते सांगायच्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली. बाईंनी आपलं जुनं सोल्डरिंग आयर्नही मागून घेतलं.

पुढचं दीड वर्ष त्या घरी बसून लय कंटाळल्या. लेक प्रतीक्षा म्हणायची, "आई, आराम कर." आई तिच्या प्रेशर कुकरला टिचक्या मारत फिरायची.

आणि मग सत्यम गायकवाडांचा फोन आला. लोणावळ्यातल्या एका जुन्या चर्चमधला ऑर्गन ते दुरुस्त करत होते. नळ्या कथील-शिशाच्या, बऱ्याच चेपलेल्या, आणि डाखकाम जाणणारं माणूस मिळेना. हार्डवेअरच्या दुकानदारानं यशोधराबाईंचं नाव सांगितलं होतं.

बाई पिशवी घेऊन पोचल्या. चर्चमध्ये इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "सर, पेटी कुटं हाय?"

"तुमच्या समोरच आहे, मावशी."

समोर भिंत होती. लाकडी, कोरीव, छतापर्यंत गेलेली. तिच्या दर्शनी बाजूला चंदेरी नळ्या रांगेनं उभ्या. बाईंनी मान वर केली, आणखी वर केली, आणि पदर खांद्यावरून घसरला.

"ही आख्खी पेटी?"

सरांनी बाजूचं अरुंद दार उघडलं. आत शिडी होती, चालायला फळ्या होत्या, आणि उसाच्या फडासारख्या दाट उभ्या नळ्या. एकंदर सहाशे चाळीस. सगळ्यात मोठी लाकडाची, सोळा फुटी. सगळ्यात धाकटी पेन्सिलीएवढी. मागच्या खोलीतला पंखा हवा भरायचा, ती चामड्याच्या भल्यामोठ्या भात्यात साठायची. भात्यावर विटा ठेवलेल्या, म्हणजे हवेचा दाब कमीजास्त होऊ नये. पट्टी दाबली की नळीखालची झडप उघडते, हवा शिरते, नळी वाजते. एका नळीला एकच सूर.

"म्हंजे शिट्ट्यांचं कपाट म्हना की!" बाई म्हणाल्या आणि स्वतःच खुदकन हसल्या.

पहिल्याच दिवशी घात झाला. हातभर नळीला त्यांनी डेपोतल्या सवयीनं तापलेलं आयर्न लावलं आणि नळीचा ओठ, म्हणजे सूर फुटतो ती कड, लोण्यासारखा ओघळला. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सामान आवरायला घेतलं.

"थांबा मावशी. हा धातू डाखाइतक्याच उष्णतेला वितळतो. सांधा सोडून बाकीच्या अंगाला खडू नि सरसाचा लेप द्यायचा. आणि ओघळलेलं वाया जात नाही. परत ओतायचं, परत पत्रा."

मग त्यांनी तो धातू ओतला, पत्रा तासला, गोल वळवला, सांधला. नवी नळी झडपेवर बसवली, सरांनी पट्टी दाबली. नळी करडासारखी "बें" करून ओरडली. दोघंही हसून हसून बाकावर बसले. सरांनी नळीचा ओठ केसभर आत घेतला, बुडाचं भोक जरासं आवळलं. चौथ्या खेपेला आतून असा गोल, स्वच्छ सूर निघाला की बाई हसायच्या थांबल्या.

"हिला म्या केली," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, रिकाम्या चर्चला उद्देशून, "म्या केली हिला!"

अकरा दिवसांत एक्केचाळीस नळ्या सरळ झाल्या. घरी जेवताना त्या ताटाला, तांब्याला, नळाला फुंकून बघायच्या. प्रतीक्षानं शेजारणीला सांगितलं, आईला बहुतेक वारं लागलंय.

बाराव्या दिवशी सगळी नळी न् नळी चालू करून बघायची होती. सरांनी पट्टीवरून बोट उचललं, तरी एक सूर थांबेचना. पंखा बंद केला की सूर रेड्यासारखा हंबरत खाली यायचा. चालू केला की पुन्हा तेच. बाहेर कुत्री भुंकायला लागली. चिक्कीच्या दुकानातले दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. बाईंनी पदर खोचला, पोटावर सरपटत नळ्यांच्या बुडाशी गेल्या आणि फळी उघडली. झडपेच्या फटीत कुंभारीण माशीच्या घराचं ढेकूळ अडकलं होतं. चिमटीनं काढताच सूर तुटला. दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता बाहेर या, मी वाजवतो," सर म्हणाले.

"न्हाई, मी हितंच बसते. वाजवा!"

सरांनी वाजवलं. आधी पेन्सिलीएवढ्या नळ्या पाखरांसारख्या कानाशी किलबिलल्या, मग मधल्या उठल्या, आणि शेवटी पायाखालून ती सोळा फुटी. ती कानाला फारशी ऐकू आलीच नाही. पोटात आली, दातांत आली, फळीतून टाचांत आली. बाई नळ्यांच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या होत्या आणि हसत होत्या, पण स्वतःचं हसू त्यांना ऐकू येत नव्हतं. बाहेर आल्या त्या थेट पट्ट्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, एकडाव मी?"

त्यांना वाजवता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांवर आडवे टाकले. खिडक्या थरथरल्या, चिक्कीवाले दोन पावलं मागं सरले. बाईंनी हात काढले नाहीत; दम लागेपर्यंत काढले नाहीत, जणू दम त्यांचाच खर्च होत होता.

आता दर महिन्याला त्या सूर लावायला जातात. सर पट्टी धरून बसतात, बाई आत. नळीला उघडा हात लावायचा नाही, तळव्याच्या उबेनं सूर चढतो, हे त्या आता दुसऱ्यांना बजावतात. परवा सरांनी सांगितलं की परदेशात दहा-दहा हजार नळ्यांचे ऑर्गन आहेत, बत्तीस फुटी नळीचेसुद्धा.

बाईंनी पदराला हात पुसले. मग प्रतीक्षाला फोन लावला.

"अगं, पासपोर्टाला काय काय कागद लागत्यात?"