आबासाहेबांच्या मोटारीची गादी

ज्या कामात थांबणे जास्त असते, त्या कामात किस्से साठतात. दूध संस्थेचे काम तसेच. सकाळी धारा, संध्याकाळी धारा. मधली सगळी दुपार रिकामी. चौसाळ्याजवळच्या आमच्या संस्थेत मी सचिव होतो. दुष्काळाच्या वर्षी मोजायला दूधच फारसे उरले नाही, त्यामुळे आमची दुपार सकाळीच सुरू होई. म्हणून त्या वर्षीचे किस्से सर्वांत जास्त. नवल एवढेच, की त्यांतले बहुतेक दुधाचे नाहीत. ते आमचे चेअरमन आबासाहेब यांच्या मोटारीतल्या चामड्याच्या गादीचे आहेत.

मोटार जुनी, परदेशी बनावटीची. हैदराबादच्या एका घराण्याकडून घेतलेली. आतल्या गाद्या अस्सल चामड्याच्या, तांबूस तपकिरी. त्यांना काय म्हणावे, येथे माझे अडत असे. 'सीट' हा शब्द मला रुचेना, म्हणून एकदा 'चामडी आसन' असे म्हणून पाहिले. दुधाची फॅट तपासणारे वामन साळवे समोरच होते. ते म्हणाले, "साहेब, आसन म्हटलं की वाघाचं कातडं डोळ्यापुढं येतं. बसायला भ्या वाटतं." तेव्हापासून मीही सर्वांप्रमाणे 'गादी'च म्हणू लागलो.

या गादीची एवढी काळजी का, तेही सांगायला हवे. जिल्ह्याच्या दूध संघाने कळवले होते, की दूध असेच आटत राहिले तर आमचे शीतकरण केंद्र, म्हणजे सगळे ज्याला 'चिलिंग' म्हणत ते, बंद करून यंत्रे दुसरीकडे हलवायची. तसे झाले असते तर भोवतालच्या गावांतले दूध उन्हात नासले असते. आणि शेते करपल्यावर घरोघरी चूल पेटत होती ती त्या लिटर-दोन लिटरवरच. संघापुढे रदबदली करायला बीडला जायचे, तर वाहन एकच होते. आमची अब्रू म्हणा, आशा म्हणा, त्या गादीवर बसूनच ये-जा करीत होती.

* * *

पहिल्या खेपेला आमच्याबरोबर संचालक दगडूअण्णा निघाले. मोटारीचे दार उघडले आणि ते थबकले. "मी गायीच्या कातड्यावर बसणार न्हाई," म्हणाले.

चालक हमीदभाई अदबीने म्हणाले, "अण्णा, पायातली चप्पल कशाची हाय?"

अण्णांनी पायांकडे पाहिले. मग शांतपणे निवाडा दिला, "चामडं पायाखाली चालतं. बुडाखाली न्हाई."

साळवे मागे उभे होते. म्हणाले, "मंग काय अडचण न्हाई. अण्णा, तुमी बीडपर्यंत गादीवर उभे राहा."

अण्णा बसले. मात्र बीड येईपर्यंत त्यांनी पाठ मागे टेकवली नाही.

* * *

धुळीचा प्रश्न त्याहून अवघड होता. फुफाटा शिवणींत जाऊन बसे, आणि तो काढायचा तर ओले फडके हवे. गावात टँकर येई तो एक दिवसाआड. हमीदभाईंनी आबासाहेबांच्या घरी जाऊन तांब्याभर पाणी मागितले. वहिनीसाहेबांनी तांब्या पुढे केला आणि विचारले, "हमीदभाई, तुमच्या मालकानं आंघोळ कवा केली, ठावं हाय का?"

हमीदभाई तांब्या न घेताच परतले.

पण हार मानतील तर ते हमीदभाई कसले! केंद्रातले कॅन धुतल्यावर जे शेवटचे पाणी निघे, ते त्यांनी मागून घेतले. त्या धुवणाने गाद्या लख्ख पुसल्या. दोन दिवस गादी अशी दिसली, की हैदराबादच्या त्या घराण्यानेही ओळखली नसती. तिसऱ्या दिवशी ती आंबली.

नेमके त्याच दिवशी संघाचा एक कारकून पेठेपर्यंत आमच्या मोटारीतून आला. त्याने दोनदा नाक वर केले. "तुमचं दूध नासतं, अशी कुजबुज कानावर होती," तो म्हणाला. "पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं."

आबासाहेबांनी चारी काचा खाली केल्या. उतरताना हमीदभाईंना एवढेच म्हणाले, "उद्यापासून कोरडं फडकं."

* * *

केंद्रापाशी सावली एकच, कडुनिंबाची. वीज गेली म्हणजे संघाचा दुधाचा टँकर येईतोवर कॅन तरी सावलीत राहतील, नाहीतर मोटार तरी. हमीदभाई काकुळतीला आले, "साब, उन्हानं गादी फाटंल."

आबासाहेबांनी स्वतः एक कॅन उचलून झाडाखाली नेला. "गादी फाटली तर फाटक्या गादीवर बसंन. दूध फाटल्यावर कुठं बसू?"

गादीला भेगा पडू लागल्या त्या तेव्हापासून. हा किस्सा सांगताना आजही कोणी हसत नाही. पण तो वगळावा, असेही कोणी म्हणत नाही.

* * *

चामडे कोरडे पडले म्हणजे त्याला स्निग्धता हवी, हे सर्वांना मान्य होते. कोणती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दूध संस्थेची माणसे; त्यांचा हात तुपाकडे जाणार. आबासाहेबांनी घरचे साजूक तूप पाठवले. हमीदभाईंनी ते चोळचोळून जिरवले. साळव्यांनी गादीवरून बोट फिरवून नाकाशी नेले आणि म्हणाले, "फॅट उत्तम. गावात एवढी एकाबी म्हशीची लागत न्हाई."

त्याच दिवशी मोटार चारा छावणीवर गेली. गावोगावची जनावरे तेथे बांधलेली. हमीदभाई काच खाली करून चहाला गेले. परत येतात तो एका कालवडीने खिडकीतून मान आत घातलेली, आणि मागची गादी ती डोळे मिटून चाटते आहे.

कालवड कौसाबाईंची. म्हातारी एकटी, एक गाय आणि ही कालवड, एवढाच तिचा संसार. छावणीत जनावरांपाशीच राहायची आणि दोन वेळा दूध घेऊन केंद्रावर चालत यायची. हमीदभाई ओरडले, "मावशी, आवरा तिला! साबची गादी हाय ती!"

कौसाबाईंनी कालवडीच्या पाठीवर हात ठेवला. गादीकडे नीट पाहिले. म्हणाल्या, "चाटू दे बाबा. तिची आज्जी आसंल ती. काहून तोडतूस त्यांना?"

हमीदभाईंनी दार उघडे सोडले, आणि कालवडीचे पोट भरेपर्यंत बिडी ओढत बाजूला उभे राहिले.

* * *

शेवटी छावणीच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. आबासाहेबांना संकोच वाटत होता. "उन्हानं भेगा पडल्यात," ते म्हणाले, "पुढच्या अंगाला कमी, मागच्या अंगाला जास्त." डॉक्टरांनी खिडकीतून डोके घालून रोग्याची तपासणी केली आणि पिशवीतून गायी-म्हशींच्या भेगाळलेल्या सडांना लावायचे मलम काढले.

"आधी धूळ झटकायची. मग सावलीत, हलक्या हातानं, थोडं थोडं चोळायचं. रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचं."

"आन् धार कवा काढायची?" साळव्यांनी विचारले.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "गाभण राहू द्या आधी."

विश्वास बसणार नाही, पण गुण आला. आठवड्याभरात चामडे मऊ पडले आणि भेगांची तोंडे मिटली. त्या काळात आमच्याकडे दुरुस्त झालेली ती एकमेव वस्तू असावी. आम्ही येताजाता तिच्यावरून हात फिरवीत असू. रंग मात्र एकसारखा राहिला नाही. जेथे मलम अधिक मुरले तेथे काळपट डाग, इतरत्र जुना तांबूस रंग. दगडूअण्णा म्हणाले, "आता बसतो मी. आता ती जित्या गायीवानी दिसती. कबरी."

* * *

आणि मग निरोप आला, की संघाचे व्यवस्थापक पाटणकरसाहेब स्वतः येत आहेत. येण्याचे कारण उघड होते: केंद्र बंद करण्याचा निर्णय सभासदांना समोरासमोर सांगायचा. संघाची जीप पाणीटंचाईच्या कामाला जुंपलेली, म्हणून साहेब एसटीने मांजरसुंब्यापर्यंत येणार. तेथून पुढे आमची मोटार.

आबासाहेबांना ती कबरी गादी सहन होईना. त्यांनी चौसाळ्याहून बुटाच्या पॉलिशच्या तपकिरी डब्या आणल्या. हमीदभाई कचरले. "साब, हे बुटाचं हाय."

"मंग? बूट कशाचा आसतो?"

चामडे ते चामडे, या तर्कापुढे हमीदभाईंनी फडके उचलले. सकाळपर्यंत गादीवर वांग्यासारखी चकाकी आली.

मांजरसुंब्याला पाटणकरसाहेब उतरले ते पांढरीशुभ्र विजार आणि पांढरा सदरा घालून. मोटारीत बसताच म्हणाले, "वा. गादी काय सुरेख राखली आहे तुम्ही." आबासाहेब इतके सुखावले, की केंद्राचा विषय काढायचा ठरवून आले होते तेच विसरले. ऊन रणरणत होते. आत भट्टी झाली होती.

संस्थेच्या दारात साहेब उतरले आणि पुढे चालू लागले. त्यांच्या मागे मी होतो. विजारीच्या मागल्या बाजूला, कमरेपासून मांड्यांपर्यंत, आमच्या गादीचा तपकिरी ठसा शिवणींसह उमटला होता. मी आबासाहेबांकडे पाहिले. आबासाहेबांनी आकाशाकडे पाहिले.

आत सभासद दाटीवाटीने बसलेले, बायका भिंतीकडेला. साहेबांसाठी खुर्ची, खुर्चीवर पांढरा टॉवेल. साहेबांचा बेत उभ्याने चार शब्द बोलून दुपारचीच एसटी पकडण्याचा होता. ते क्षणभर टेकले, पाणी प्याले आणि बोलायला उठून सभेकडे वळले. वळताना भिंतीकडेच्या बायकांना पाठ दिसली. पदर तोंडांवर गेले. एक हसू फुटले, दुसरे दाबले गेले.

कौसाबाई मात्र हसल्या नाहीत. हलक्या आवाजात म्हणाल्या, "सायेब, खाली बसा. बसूनच बोला."

साहेबांनी वळून खुर्चीकडे पाहिले. पांढऱ्या टॉवेलवर तपकिरी ठसा होता. त्यांचा हात नकळत मागे गेला, बोटे पुढे आली. त्यांनी ती पाहिली, रुमालात पुसली आणि ते खाली बसले.

मग साहेब म्हणाले, "मी नंतर सांगतो. आधी तुमचं काय म्हणणं आहे?"

म्हणणे निघाले. पहिल्याचे झाले, तेव्हा साहेब उठतील असे वाटले. ते म्हणाले, "आणखी कोणाचं?" दुसऱ्याचे झाले. "आणखी?" दुपारची एसटी गेली. आमच्याकडे आजवर आलेला प्रत्येक साहेब घड्याळाकडे पाहत ऐकत असे. हे साहेब दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहून ऐकत होते आणि ऊन काही कलत नव्हते. उमापूरला दिलेल्या लेकीकडे जाऊन राहीन म्हटले, तर गाय कोण घेणार, हे कौसाबाईंनी सांगितले. छावणीत गाय दूध देते म्हणून आपण तिला राखतो, आणि आपण राखतो म्हणून ती देते. यातले एक थांबले की दुसरे थांबेल, हेही त्यांनीच सांगितले. साहेबांनी त्यांना परत विचारले, आणि कौसाबाईंनी परत सांगितले.

मग संध्याकाळच्या धारांची वेळ झाली. साहेब खुर्चीतच, त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक जण येऊन तांब्या, बरणी, किटली रिकामी करू लागला. साळवे प्रत्येकाची फॅट मोठ्याने वाचून दाखवीत होते. दूध थोडे होते, पण रांग दारापर्यंत होती. साहेब ती रांग संपेपर्यंत पाहत राहिले.

अंधार पडला तेव्हा ते म्हणाले, "पाऊस पडेपर्यंत केंद्र इथून हलणार नाही. संघात काय सांगायचं, ते मी बघतो."

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्या खोलीने एकदम श्वास सोडला, एवढेच ऐकू आले. कोणीतरी दिवा लावायला निघाले. आबासाहेबांनी त्याला हाताने अडवले. साहेब अंधारातच उठून मोटारीकडे गेले.

बाहेर कौसाबाई आपली बरणी उपडी करून निथळवीत होत्या. मला म्हणाल्या, "लई सोशिक मानूस. गाय पान्हा सोडंस्तोवर बसावं, तसा बसला."

मांजरसुंब्याला शेवटची एसटी समोर येऊन उभी राहिली. पाटणकरसाहेब उतरले, दोन पावले गेले, आणि परत खिडकीशी आले.

"चेअरमन, गादीला पॉलिश कोणतं लावलंत?"

आबासाहेबांनी कसेबसे डबीवरचे नाव सांगितले.

साहेबांनी ते दोनदा मनाशी घोळवले. म्हणाले, "घेतो. माझ्या बुटांवरचं दोन दिवस टिकत नाही."