भासऱ्यांच्या जिभेसाठी मागितलेलं

माझ्या भासऱ्यांची जीभ सडावी, अशी प्रार्थना मी दोन वर्षं केली. रोज सकाळी, चूल पेटवायच्या आधी, गुडघे टेकून. आणि पूर्ण विश्वासानं केली.

कापूस वेचणीचे दिवस होते. माझा नवरा सकाळी अंगणात बैलांना पाणी दाखवत होता, तो उभ्याउभ्याच खाली बसला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात उचलेना. शेजारीच त्याच्या थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या भासऱ्यांचं घर. मधे एक भिंत. त्यांची जीप दारातच उभी होती. मी धावत गेले.

"भाऊजी, गाडी काढा. ह्यायचं तोंड वाकडं झालं."

मुलीच्या काविळीत मी नेरडीगोंड्याच्या प्रार्थनाघरात जायला लागले होते. ती बरी झाली, मी तिथलीच झाले आणि कुंकू लावणं सोडलं. तेव्हापासून भासरे माझ्याशी बोलत नव्हते. त्या दिवशी बोलले. तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकले आणि म्हणाले, "तुया देवाले सांग ना गाडी पाठवायले."

हायवेपर्यंत नवऱ्याला शेजाऱ्यांनी खाटेवर उचलून नेलं. ऑटो मिळून आदिलाबादच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळली. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." ते वाक्य पुढे मीच रोज पुरं करत राहिले.

नवरा जगला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. पाण्याला नुसतं "पा" म्हणायचा. मी त्याला घास भरवायचे आणि भिंतीपलीकडे भासऱ्यांचं खणखणीत बोलणं ऐकायचे.

पास्टर सांगायचे, मनात संशय न ठेवता मागा, मिळालं असं धरूनच चाला. ते सगळं तेलुगूत. मला तेलुगू शाळेपासून येतं, पण शिव्याशाप माझ्याच बोलीत सुचायचे. आमच्या प्रार्थनाघरात दोघीदोघी मिळून प्रार्थना करायची पद्धत आहे. एकीनं मागायचं, दुसरीनं आमेन म्हणायचं. माझ्या जोडीला एक म्हातारी असे, उटनूरच्या दवाखान्यात आया होती. तिला मराठी चांगलं येई. मी तिला मावशी म्हणायचे. नवऱ्याच्या हातासाठी मागितलं की ती मोठ्यानं आमेन म्हणे. मग मी आवाज उतरवून म्हणायचे, "प्रभू, त्याच्या जिभेत किडे पाड. पाण्यासाठी त्याले तोंड वासू दे." त्याला मावशीचं आमेन नसे.

एकदा मी चिडलेच. "माह्या मागण्याले तुमी आमेन काऊन म्हणत नाई?"

"तू सांग. पोटात हाय तेच त्याच्यासमोर टाक. गोड बोलून फसवू नको त्याले," ती म्हणाली. "पण मी नाई सामील होत त्यात."

भासऱ्यांचं मात्र उत्तम चाललं होतं. घरावर मजला चढला. गावच्या बैठकीत त्यांची खुर्ची पुढे. मी देवाला विचारलं, बहिरा झालास का? नवऱ्याचं एक बोट हलायला लागलं, पुढे काठी धरून चार पावलं टाकायला लागला. मी आभार मानले, पण खरं मागणं बाकीच होतं.

मग एका दुपारी जाऊ आली. दोन वर्षांत पहिल्यांदा, मागच्या दारानं, पदर तोंडाशी धरून. मी ज्वारी पाखडत होते.

"त्यायच्या जिभेवर फोड हाय," ती म्हणाली. "तीन महिने झाले, बरा होत नाई. डॉक्टरनं नागपूरले न्यायले सांगतलं. कॅन्सर म्हणून राह्यले."

मला हसू आलं. खरंच आलं. सूप तोंडासमोर धरून मी ते लपवलं.

"तुमचा देव ऐकते म्हणतात," जाऊ म्हणाली. "त्यायच्यासाठी प्रार्थना कर बाई. भिंतीतून तुया आवाज येते मले रोज. शब्द समजत नाई, पण एक दिवस खंड नाई पडला तुया."

तिनं माझ्यापुढे डोकं वाकवलं. मी त्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं मागितलं, प्रभू, त्यायले बरं कर. आणि आत म्हणत होते, यातला एक शब्दही ऐकू नको. जावेला आमेन म्हणता येत नव्हतं, ती "आमीन, आमीन" म्हणत रडत होती.

ती गेल्यावर पाहिलं, तर नवरा बाजेवर उठून बसला होता.

"ख...रं?" त्यानं विचारलं.

"काय खरं?"

"मा...गितलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन वर्षं मी गुडघे टेकत होते ती जागा त्याच्या बाजेपासून चार हातांवर होती. त्याला सगळं ऐकू येत होतं. मी सूप उचलून पुन्हा पाखडायला लागले. त्या दिवशी त्यानं माझ्या हातचा घास घेतला नाही. डाव्या हातानं, सांडत, एकट्यानं जेवला.

नागपुरात भासऱ्यांची अर्धी जीभ काढली. जीव वाचला. माझ्या दोन मागण्यांपैकी कोणती ऐकली गेली, मला ठाऊक नाही. मावशीला सांगितलं, "मिळालं मले."

"मंग? थंड झालं का पोट?"

"नाई," मी म्हणाले.

कारण त्यांनी कधीतरी माझ्या दारात येऊन "चुकलो" म्हणावं, हेही मला हवं होतं. ते आता कशानं म्हणणार?

नवरा काठी टेकत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. दोघं तुटकं तुटकं बोलतात, जावेलाही धड कळत नाही, पण त्या दोघांना कळतं. कधी कधी हसतात. ते हसू ऐकलं की माझं डोकं तापतं. मला न विचारता त्यानं माफ करून टाकलं.

मी अजून केलेलं नाही. देवालाही तसंच सांगते. शाप देणं थांबवलं आहे, आशीर्वाद तोंडातून निघत नाही. फार झालं तर म्हणते, त्यायले गिळता येऊ दे. एवढ्याला मावशी आमेन म्हणते.

परवा जावेनं विचारलं, आंबील पातळ कशी करतं तू? मी ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, दोनदा गाळून दिलं. मुलीच्या हाती पाठवलं. मी गेले नाही.