मेंबरशिप नंबरप्रमाणे बॅटिंग

आमच्या मंडळाच्या बेसबॉल संघाची बॅटिंग ऑर्डर मेंबरशिप नंबरप्रमाणे लावली होती. थट्टा करत नाही. ज्याचा नंबर एक, तो पहिला. नंबर एक म्हणजे अर्थातच अध्यक्षसाहेब. वय एकोणसाठ, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, पेट्रोकेमिकल प्लांटवर सीनियर इंजिनिअर आणि मंडळाच्या खुर्चीत सलग नऊ वर्षं. "सीनियॉरिटी पाळली की कुणाची तक्रार राहत नाही," असं ते म्हणाले आणि पंधरा जणांच्या कार्यकारिणीने माना डोलावल्या. याच माणसांना प्लांटमध्ये एखादा व्हॉल्व्ह सीनियॉरिटीने निवडायला सांगा, तुम्हाला वेड्यात काढतील.

मी हे आतून पाहिलंय. सौदीत अल-खोबरला ताई-भाऊजींकडे राहतो, एका कंपनीत सेफ्टी इंजिनिअर आहे. नाशिकला कॉलेजात असताना विद्यार्थी संघटनेत होतो. फीवाढ, हॉस्टेलचं पाणी, बस पास, विषय द्या, तासाभरात पत्रक काढून देत असे. इथे आल्यावर खोड गेली नाही. फक्त पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं.

मंडळाला ना ऑफिस, ना पाटी. दिवाळीचा फराळ, मुलांचं स्नेहसंमेलन, वर्षातून एक सहल, संपलं काम. पण अठरा पानांची घटना आहे. कार्यकारिणी आहे, ती अध्यक्ष निवडते. आणि गट आहेत, ते तर हवेतच. घटनेतला सगळ्यात लाडका नियम असा: सभासदत्व फक्त फॅमिलीला, बॅचलरला नाही. आता गल्फमध्ये बॅचलर म्हणजे लग्न न झालेला असं कुणी समजू नये. इथे बायको आणता आली नाही तो बॅचलर. गावी बायको, दोन पोरं, म्हातारे आईबाप असा सगळा बारदाना असला तरी इथे तो बॅचलर. उलट मी, खराखुरा बिनलग्नाचा, भाऊजींच्या फॅमिलीत मोडतो म्हणून चालतो. इतका चालतो की मला क्रीडा चिटणीस केलं होतं.

त्या हिवाळ्यात परदेशी लोकांच्या एका कंपाउंडच्या, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीच्या, बेसबॉल लीगने बाहेरच्या संघांना बोलावलं. अमेरिकन, फिलिपिनो, जपानी, कोरियन, सगळे होते. अध्यक्षसाहेबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हिरव्या गवतावर मंडळाच्या बॅनरसकट फोटो निघेल एवढं कळलं होतं. पंधरा नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, चांगला असेल तर बाकीचे आठ जण झाकून जातात. तो मला हॉस्पिटलच्या स्टाफ क्वार्टरमागच्या मोकळ्या प्लॉटवर सापडला. भिंतीला जुनी गादी टांगून हा गडी तीवर बॉल मारत होता. गादीला एकच भोक, ताटलीएवढं. बाकी गादी कोरी.

"झेलता येतं का, भो?" त्याने विचारलं.

"क्रिकेट खेळलोय."

"ते नको सांगू. ग्लोव्ह घाल."

तिसऱ्या बॉलनंतर माझा तळवा बधिर झाला. तो हसला. चाळीसगावकडचा, विद्यापीठाच्या संघाकडून बेसबॉल खेळलेला. इथे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, टेक्निशियन. सहा वर्षांत एकही सामना नाही. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपणार, इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना बंद, खलास, कायमचा गावी.

"पोरगी विचारते, पप्पा, तुम्ही बॉल टाकायचे म्हणे, दाखवा ना. आता तिला काय गादी दाखवू?" तो म्हणाला. "एक सीझन खेळव भो. दुसरं काही मागत नाही. चार सामने."

मी हो म्हणालो. का नाही म्हणणार? त्याने त्याच आठवड्यात शुक्रवार मोकळे करून घेतले. बदल्यात तीन महिने प्रत्येक शनिवारची ड्यूटी. म्हणजे आठवड्याची एकुलती एक मोकळी दुपार, तीही आमच्या संघाला.

यादी घेऊन अध्यक्षसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हा मेंबर आहे का?"

"नाही, पण पिचर आहे."

"फॅमिली कुठंय?"

"गावी."

"मग बॅचलर. अरे, आपल्या बायका-मुली असतात मैदानावर."

हा पिचर रोज आपल्याच बायका-मुलींच्या ऑपरेशनला टेबलाशेजारी उभा असतो. तिथे चालतो. मैदानावर चालत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो. ते म्हणाले, "तू अजून लहान आहेस." नऊ वर्षं एकाच खुर्चीत बसलं की माणसाकडे उत्तरं उरत नाहीत, वयं उरतात.

मग मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणजे हाडांचे सर्जन, पुण्याचे, येत्या निवडणुकीत अध्यक्षपदाचे दुसरे उमेदवार. आमचा पिचर रोज त्यांच्याच हातात स्क्रू आणि ड्रिल देत असे. "अरे, तो? तो तर माझा माणूस आहे!" डॉक्टर म्हणाले. "मी निवडून आलो की पहिला ठराव बॅचलर सभासदत्वाचा. यादी निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी द्यायची आहे ना? बसतंय गणित."

मी पेटलो. चार पत्रकं काढली. एकाचं शीर्षक होतं, 'बायको गावी असणं हा गुन्हा आहे का?' ते दम्मामपासून जुबैलपर्यंत फिरलं. लोकांनी अंगठे दिले, टाळ्या दिल्या. ताईने वाचून एवढंच विचारलं, "ज्याच्यासाठी लिहितोयस त्याला विचारलंस का?" मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती भाजी चिरत राहिली.

कार्यकारिणीत सात अध्यक्षांचे, सात डॉक्टरांचे. पंधरावे होते काका. काका कुणाचेच नव्हते, म्हणजे दोघांचेही होते. त्या महिन्यात काकांना जितकी जेवणाची आमंत्रणं आली तितकी त्यांना लग्नातही आली नसतील. आणि निवडणुकीच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी डॉक्टरांनी आपले सात आणि काका असे आठ जण उचलले आणि हाफ मून बेच्या समुद्रकाठी नेऊन ठेवले. इथे अशा भाड्याच्या बंगल्याला शाले म्हणतात. महाराष्ट्रातले आमदार रिसॉर्टवर नेल्याच्या बातम्या बघून हीच मंडळी टीव्हीसमोर खिदळत असत. "काय लायकी झालीय राजकारणाची!" असं म्हणत असत. आता स्वतःचे मोबाइल गोळा करून फ्रिजवरच्या टोपलीत ठेवून, बर्म्युडा घालून, चिकन भाजत बसले होते. कशासाठी? ज्या पदाला टेबलसुद्धा नाही त्या पदासाठी.

मलाही नेलं होतं. पत्रकं लिहायला.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर काकांनी तोंड उघडलं. "मी कॉलेजला ऑफस्पिन टाकायचो."

सगळे म्हणाले, हो का, वा.

"ते पिचरचं बघा की. फोटोत मधोमध तोच असतो."

कुणी हसलं नाही. मीच हसलो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "काका, तुम्हीच. दुसरं कोण?"

मी डॉक्टरांना बाहेर वाळूत घेऊन गेलो. म्हटलं, "पिचर ठरलाय. तुमचाच माणूस."

"ठराव होतोय ना? मग? तू एका माणसाचं बघतोयस, मी सगळ्या बॅचलरांचं बघतोय."

"मग त्याला दुसऱ्या जागी घ्या."

"पंधरा नावं भरली. आठ आपले, एक तू, आणि उद्या अध्यक्षांचे लोकही येतील ना एकत्र, त्यांच्यासाठी सहा जागा नकोत? तुझं नाव काढू का?"

इथे मी काय बोललो ते सांगायला हवं. 'हो, काढा' असं नाही बोललो. यादी माझ्या लॅपटॉपवर होती. आत जाऊन बसलो. काका मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "क्रांतिकारक, स्पेलिंग नीट लिहा हं." आणि मी नीट लिहिलं. ठराव मोठा, माणूस लहान, असं मी स्वतःला समजावलं. जून महिना मला ठाऊक होता. ठराव पुढच्या वर्षी जगभरातल्या बॅचलरांच्या कामी आला असता, त्याच्या नाही. हेही ठाऊक होतं. तरी लिहिलं.

आठ विरुद्ध सात. डॉक्टर जिंकले. हार घातले, पेढे वाटले. नव्या अध्यक्षांचा पहिला ठराव, जुन्या अध्यक्षांना आजीव मार्गदर्शक करण्याचा. दुसरा, बॅटिंग ऑर्डर आहे तशी ठेवण्याचा. तिसरा माझा. "बॅचलर सभासदत्वाचा विषय संवेदनशील आहे," डॉक्टर म्हणाले, "त्यासाठी तिघांची अभ्यास समिती नेमू." एकमताने मंजूर. समितीवर कोण? जुने अध्यक्ष, काका आणि भाऊजी. भाऊजींनी घरी आल्यावर सांगितलं, "मी काही वाचणार नाही हं, आधीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेलो. त्याने नवे मोजे घातले होते, लाल पट्ट्यांचे.

"झालं का भो?"

"डॉक्टर आले. ठराव समितीकडे गेला. यादीत तू नाहीस."

तो बॉल हातात फिरवत राहिला. "पिचर कोण?"

मी सांगितलं.

"ते? ते तर आमच्याकडे खांद्याची फिजिओथेरपी घ्यायला येतात." मग, "यादी कोणी केली?"

"मी."

"बरं."

"पण ठराव पुढेमागे..."

"तू ते पत्रक काढलं होतं ना, बायको गावी असल्याचं," तो म्हणाला. "आमच्या क्वार्टरमध्ये सगळ्यांनी वाचलं. मी त्यांना म्हटलं, माझ्यावरून लिहिलंय. लय भारी वाटलं होतं. आता त्यांना काय सांगू ते पण तूच लिहून दे."



सामना शुक्रवारी तीनला होता. कंपाउंडच्या गेटवर इकामे दाखवून आमचे खेळाडू आणि त्यांची पूर्ण कुटुंबं आत शिरली. ढोकळा होता, बॅनर होतं, ढोलही आणणार होते, गेटवर नको म्हणाले. समोर फिलिपिनो संघ. मी राइट फील्डला, म्हणजे उजवीकडे पार लांब, उभा होतो. बेसबॉलमध्ये चार बॉल चुकीचे पडले की बॅट्समन फुकट पहिल्या बेसवर जातो. काकांनी पहिल्या सात जणांना फुकट पाठवलं. मैदानावर लोक बाजारात फिरल्यासारखे एका बेसवरून दुसऱ्यावर चालत होते, बॅट कुणी हलवलीच नाही. आठव्याला काकांचा बॉल पाठीत बसला. तो बिचारा "सॉरी सर" म्हणाला. आमची बॅटिंग आली. नंबर एक, तीन बॉल हुकले, आऊट. नंबर दोन, तीन बॉल, आऊट. नंबर तीन बाथरूमला गेले होते. फरक इतका वाढला की पंचांनी नियमाप्रमाणे सामना निम्म्यात थांबवला. ढोकळा संपायचा होता अजून.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. 'मंडळाचा ऐतिहासिक सहभाग!' मधोमध काका.

रविवारी डॉक्टरांचा फोन. काकांचा खांदा गेला होता, डॉक्टरांनीच तपासला होता. "त्या आपल्या माणसाला बोलाव. पुढच्या शुक्रवारी गेस्ट प्लेअर म्हणून खेळू दे. नाव काकांचंच राहील यादीत, तिथे कोण बघतंय?"

"तुम्हीच बोला ना. रोज समोर असतो तुमच्या."

"ओटीत हे विषय बरे दिसत नाहीत."

म्हणून मी गेलो. तो कँटीनमध्ये डाळ-भात खात होता. सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काकांच्या नावाने टाकायचे बॉल?"

"हो."

"आणि पोरीला काय सांगायचं, हे कोण आहेत?" त्याने ताट बाजूला सरकवलं. "मेंबर करा. एका कागदावर, माझं नाव लिहून. मग एक काय, चारही सामने टाकतो. नाहीतर नको. आणि शुक्रवारची ड्यूटी मी परत घेतलीय, ती सोडायला मला परत हातापाया पडावं लागेल. ते कागदासाठी पडेन, काकांसाठी नाही."

मी तसंच डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "भाव खातोय. समितीचा अहवाल आल्याशिवाय काही करता येत नाही." अहवाल आला नाही. उरलेले तिन्ही सामने आम्ही तसेच हरलो, निम्म्यात. जूनमध्ये तो गेला, एकही सामना न खेळता. डॉक्टरांनी ओटीत केक कापला म्हणे.

मी मात्र दुसऱ्या सामन्याआधीच राजीनामा दिला होता. दोन पानी. क्रीडा चिटणीसपदाचा आणि संघाचाही. तत्त्व, न्याय, प्रतिनिधित्व, सगळं त्यात होतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक. डॉक्टरांच्या हातात दिलं, ते उभ्याउभ्याच वाचून काढलं त्यांनी, शेवटपर्यंत.

"तू राइट फील्डला उभा होतास ना?" ते म्हणाले. "मग ठीक आहे. तिकडे बॉल येतच नाही."