घंटी आणि सळई

साठच्या दशकात मी नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कारकून होतो. कापूस ओला आला की ढीग आतून तापतो, आणि वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून एक म्हातारा राखणदार दर तासाला एकेका ढिगात लोखंडी सळई खुपसायचा, जरा थांबून ती काढायचा, गालाजवळ धरायचा आणि पुढच्या ढिगाकडे जायचा. बस्स, एवढंच त्याचं काम.

शेठजींना ते बघवेना. "हा शंभरदा विचारतो, ढीग शंभरदा म्हणतो काही नाही. मग विचारायचं कशाला? काही झालं तर ढिगालाच सांगू दे की!" झालं, सुरतेहून घंटी आली. ढिगात तार, भिंतीवर पेटी, पेटीवर हाताने फिरवायचा काटा. काटा ज्या आकड्यावर लावला त्याच्या वर उष्णता गेली की घंटी वाजणार. म्हाताऱ्याला महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली.

काटा कारखान्यातून आला तसाच ठेवला. तो कुठल्या थंड मुलखासाठी लावला होता, देव जाणे! इथे आमच्या पत्र्याखाली मार्चची दुपार. घंटी जी सुरू झाली ती थांबेचना. पहिल्या दिवशी सगळे बादल्या घेऊन धावले, दुसऱ्या दिवशी निम्मे, तिसऱ्या दिवशी कुणी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही. शेठजी माझ्यावर खेकसले, "गप्प कर रे तिला!"

मी काटा पार शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. कापूस किती उष्णतेला धुमसतो, हे म्हाताऱ्याला विचारायची अक्कल मला सुचली नाही. तो शेजारीच उभा होता. शेठजी खूश झाले.

महिनाअखेरीला म्हातारा निघाला. जाता जाता सवयीने कोपऱ्यातल्या ढिगात सळई घातली आणि ओरडला, "भाऊ, ढीग तपी ऱ्हायना! पया लवकर!" ढीग तापतोय, पळा, असं तो त्याच्या अहिराणीत सांगत होता. ढीग उपसला, तर आतला कापूस काळा पडून धुरकटत होता. घंटी मात्र हूं नाही की चूं नाही.

मला वाटलं, आता तरी म्हाताऱ्याला ठेवून घेतील. शेठजींनी घाम पुसला आणि पेटीकडे बघितलं. "घंटी वाजली नाही, म्हणजे एवढं काही नव्हतंच. म्हातारा उगाच बोंबलला. काय रे?" त्यांनी मला विचारलं.

म्हातारा माझ्याकडे बघत होता. काटा मीच पार शेवटी नेऊन ठेवला होता, म्हणून घंटी वाजली नाही, हे सांगितलं असतं तर त्याची नोकरी राहिली असती, माझी गेली असती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरंय शेठजी," मी म्हणालो.