आत्याची जर्मनची थाळी

होटगीच्या अलीकडं रुळाला लागून जी वस्ती हाय, तिथं सिद्धम्मा राहायची. नवरा रेवणसिद्ध रेल्वेत गँगमन. बाईच्या हातची भाकरी अशी, की गँगमधली माणसं घरचा डबा सोडून त्या भाकरीवर तुटून पडायची. तव्यावरची भाकरी ती हातानंच उलटायची, निखाऱ्यावरची हातानंच ओढायची. उलथनं नुसतं खुंटीला लटकायचं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारची महानंदा चुलीपाशी येऊन टेकली आणि नाक मुरडत म्हणाली, "सिद्धव्वा, काय जळतंय गं? भाकरी तर पांढरीफेक हाय की!"

सिद्धम्मानं खाली बघितलं. तिचीच दोन बोटं तव्याला चिकटली होती.

"यव्वा! बोटं हायत का चिमटा?" महानंदा किंचाळली.

सिद्धम्मानं हसून हात पदरात गुंडाळला. दोन वर्षं झाली, पायात झिणझिण्या यायच्या. मग तळव्याला गोणपाट बांधल्यागत वाटायला लागलं. वाटेत चप्पल गळायची, ते फर्लांगभर गेल्यावर कळायचं. सासूचं असंच झालं होतं.

सासू सावित्रम्मा म्हणजे तिची सख्खी आत्या. म्हातारीच्या पायाला जखम व्हायची आणि तिला पत्ताच नसायचा. एक बोट झडलं, तसं वस्तीनं ठरवून टाकलं, महारोग. डॉक्टर कुणी दाखवला न्हाय. परसातल्या गोठ्यात तिचं अंथरूण पडलं. सिद्धम्मा जर्मनच्या, म्हंजे अॅल्युमिनियमच्या, थाळीत भाकरी ठेवायची आणि लांबनं काठीनं आत सारायची. फरशीवर खर्रर वाजायचं.

"सिद्धी, जरा जवळ ये की गं," आत्या म्हणायची.

म्हातारी मरेपर्यंत दोन वर्षांत सिद्धम्मा एकदाबी जवळ गेली न्हाय.

बोटं भाजल्या दिवसापास्नं तो आवाज पुन्हा यायला लागला. भर दुपारी, भांडी घासताना, मागनं, खर्रर. गोठा रिकामाच होता. आता आपली पाळी, तिला वाटलं.

आठ दिवस तिनं हात लपवला. नवव्या दिवशी जखमेला वास मारला, तसा रेवणसिद्धनं मनगट धरून पदर सोडवला.

"अवो, मला गोठ्यात टाकू नका."

"गप. उद्या सोलापूरला जायाचं."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं अंगावर चट्टे हायत का बघितलं, कोपराजवळची शीर चाचपली. मग म्हणाला, "डोळे मिटा. पायाला कापूस लावतो. कुठं लागला ते सांगा."

बराच वेळ गेला. "लावा की आदी," सिद्धम्मा म्हणाली.

"लावून झाला, बाई."

मग निळ्या औषधात तिची लघवी उकळली. निळं पाणी विटकरी झालं.

"महारोग नाही. साखरेचा आजार आहे," डॉक्टर रेवणसिद्धला म्हणाला. "तुमच्या रुळाकडेच्या तारा असतात ना, तशा अंगातही असतात. चटका बसला की डोक्याला निरोप जातो. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्या खराब होतात. सगळ्यात लांबच्या आधी, पायाच्या. मग हाताच्या. गेलेली तार बहुतेक परत येत नाही. राहिलेल्या मात्र जपता येतात. अनवाणी चालायचं नाही, तळवे रोज डोळ्यांनी बघायचे. आणि महारोग असता तरी त्याला गोळ्या आहेत. घराबाहेर काढायचं कारण नसतं."

रेवणसिद्ध खाली बघायला लागला.

"घरात आणखी कुणाला होता? तहान फार, लघवीला मुंगळे?"

सिद्धम्माच्या डोळ्यांपुढं गोठा आला. आत्या बसायची तिथं मुंगळ्यांची रांग लागायची. ही राख टाकायची. म्हातारी पाणी पाणी करायची, तर ही म्हणायची, किती ढोसतीस!

"आत्याला," ती म्हणाली.

घरी आल्यावर रेवणसिद्ध म्हणाला, "सुटलीस बघ." ती चपला घालूनच गोठ्यात गेली. वळचणीला खोचलेली थाळी काढली, राखेनं घासली आणि चुलीपाशी ठेवली.

"ते कशाला? फेक की."

"मी ह्यातच खाणार."

"अगं, महारोग तुला न्हाय, तिलाबी नव्हता."

"म्हणून तर."

दुसऱ्या दिवसापास्नं ती भाकरी उलथन्यानं उलटायला लागली. गँगमधली माणसं म्हणाली, वहिनी, चव गेली.

दिवेलागणीला ती पाय मांडीवर घेऊन बसली, चिमणी जवळ ओढली. टाचेत बाभळीचा काटा होता, कवाचा कुणास ठाऊक. तिनं तो उपसला. दुखलं न्हाय. मागं फरशीवर खर्रर वाजलं.

तिनं वळून बघितलं न्हाय. थोडी सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.